इंधनपंप ‘डायरेक्ट’ करताना सुरक्षेचा दुवा तुटू नये

घोडबंदर मार्गावर गायमुखचा चढ चढताना मोटार धक्के देऊ लागते, किंवा कल्याण-शीळ रस्त्यावरील कोंडीतून सुटून वेग घेताना इंजिन दम सोडते. प्लग व फिल्टर बदलूनही दोष राहिला, तर संशय इंधनपंपावर जातो. अशा वेळी पंप बदलण्याआधी त्याच्यापर्यंत पोचणारे व्होल्टेज मोजणे हिताचे ठरते.

कार्ब्युरेटरच्या मोटारींत बहुधा इंजिनच्या गतीवर चालणारा यांत्रिक पंप असे. एमपीएफआय प्रणाली रूढ झाल्यावर त्याची जागा टाकीत बुडालेल्या विद्युत पंपाने घेतली.

व्होल्टेज कोठे गळते?

इंजिन सुरू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारणतः १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळतात. पंप मात्र मागच्या टाकीत असतो. मधल्या वाटेत बारीक वायर, गंजलेला कनेक्टर किंवा सैल अर्थ यांमुळे अवघा ०.२ ओहम विरोध वाढला आणि पंप ७ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर १.४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. पंप मंदावतो आणि इंजिनाला सर्वाधिक इंधन लागते त्या क्षणीच पुरवठा अपुरा पडतो. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण-डोंबिवली परिसरातील वाहने पाण्यात बुडाली होती. पाण्यात बुडालेल्या मोटारीचे कनेक्टर आतून गंजत राहतात व दोष काही महिन्यांनीही डोके वर काढू शकतो.

योग्य जोडणी

प्रथम अर्थ व कनेक्टर स्वच्छ करावेत. त्यानेही फरक न पडल्यास स्वतंत्र रिले बसविता येतो. बॅटरीच्या धन टोकापासून, टोकाजवळच योग्य क्षमतेचा फ्यूज देऊन, जाड तांब्याची वायर रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला न्यावी. ८७ क्रमांकावरून ती पंपाकडे जाते. पंपाची मूळ वायर ८६ ला व अर्थ ८५ ला जोडला जातो. म्हणजे मूळ वायर केवळ आज्ञा देते. प्रवाह नव्या वायरीतून वाहतो. पंपाचा अर्थही तितकाच जाड हवा. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. टाकीजवळ पेट्रोलची वाफ असल्याने एक ठिणगीही घातक ठरते.

जिवावर बेतणारी चूक

काही वेळा रिलेला फाटा देऊन पंप थेट इग्निशन स्विचवर घेतला जातो. ही पद्धत धोक्याची आहे. इंजिन बंद पडताच पंप थांबविण्याचे काम मोटारीचा संगणक करीत असतो. तो दुवा तुटला, तर अपघातात इंधननळी फाटल्यावरही पंप पेट्रोल बाहेर फेकत राहतो.

काही मोटारींत कमी गतीला पंपाचे व्होल्टेज मुद्दाम घटविलेले असते. तेथे सतत पूर्ण व्होल्टेज दिल्यास पंपाचा आवाज व इंधनाची उष्णता वाढते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडून तुटक स्पंदांनी चालणाऱ्या पंपाला तर साधा रिले चालतच नाही.

सीएनजी वाहनांसाठी

पंपाला थंडावा टाकीतील पेट्रोलच देते. गॅसवर चालतानाही काही किटमध्ये पंप सुरूच राहतो. त्यामुळे पाव टाकी पेट्रोल कायम ठेवणे इष्ट. टाकी कोरडी राहिली, तर उत्तम वायरिंगही पंपाला वाचवू शकत नाही.

काम झाल्यावर इंजिन सुरू ठेवून बॅटरीवर व पंपाच्या कनेक्टरवर पुन्हा मोजमाप घ्यावे. दोहोंतील फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. इंधनाचा दाब रेग्युलेटर ठरवीत असल्याने निरोगी मोटारीची ताकद या बदलाने वाढत नाही. वॉरंटीतील मोटारीच्या मूळ वायरिंगला हात लावण्यापूर्वी कंपनीच्या अटी तपासणे शहाणपणाचे ठरेल.