अर्धी नोट आधी, अर्धी नंतर

जुन्या नाण्यांवरचा भाग झाल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: नाणं टपालाने सुरक्षित आणि स्वस्तात कसं पाठवायचं? सांगतो. पण आपल्या वऱ्हाडात हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीही लोकांची झोप उडवत होता, म्हणून आधी तिकडे जाऊ.

आमचं भातकुली अमरावतीला लागून, आणि आजूबाजूला कापूसच कापूस. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. रेल्वे नागपूरपर्यंत पोचली 1867 ला. त्याआधी कापूस बैलगाड्यांनी मुंबईकडे निघायचा. पण त्याचे पैसे उलट कसे यायचे?

हिशोब करून बघा. 1835 पासून कंपनीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा. हजार रुपयांच्या थैलीला ‘तोडा’ म्हणायचे. एक तोडा म्हणजे साडेबारा शेर, आजचे साडेअकरा किलोंपेक्षा जास्त! असे दहा तोडे गाडीत घालून घाट चढायचा, तर सोबत हत्यारबंद माणसं हवीत, आणि त्या माणसांवरही भरवसा हवा.

म्हणून सावकार शक्यतो नाणं पाठवायचेच नाहीत, हुंडी पाठवायचे. शहाजोग हुंडीचे पैसे फक्त पत असलेल्या पेढीवाल्यालाच मिळत, त्यामुळे वाटेत चोराच्या हाती लागली तरी त्याला ती वटवणं अवघड. जोखमी हुंडी तर आणखी भारी: माल सुखरूप पोचला तरच पैसे, म्हणजे विमा त्या कागदातच. यासाठी जी हुंडणावळ द्यावी लागे, तो माझ्या मते जगातला सगळ्यात स्वस्त पॅकिंगचा खर्च होता.

1854 ला टपालाचे दर देशभर सारखे झाले: पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा. पण एका रुपयाचंच वजन त्याच्या चौपट. म्हणजे नाण्यासाठी पत्र कामाचं नव्हतं.

मग 1861 च्या कायद्याने सरकारी नोटा आल्या, आणि लोकांनी काय डोकं चालवलं! नोट मधोमध कापायची, अर्धा तुकडा टपालात टाकायचा, तो पोचल्याचं पत्र आलं की दुसरा अर्धा रवाना. नंबर दोन्ही तुकड्यांवर असायचा, त्यामुळे पलीकडे जुळवून चिकटवता यायचं. एकच तुकडा चोरून फायदा काय? आम्ही इंजिनिअर लोक डेटाचे तुकडे पाठवतो आणि पोच आली नाही तर परत पाठवतो, तेच हे, फक्त कात्री आणि खळ घेऊन. अशा चिकटवलेल्या नोटा आजही संग्राहकांकडे दिसतात. 1 जानेवारी 1880 पासून टपाल खात्याची मनिऑर्डर आली आणि साध्या माणसाची ही कसरत सुटली.

संग्राहकाची मात्र सुटली नाही, कारण त्याला किंमत नको, तेच नाणं हवं. व्हिक्टोरियाच्या रुपयात चांदीच पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास असते, तो हरवला तर मनिऑर्डरने भरून निघत नाही.

तर आता पॅकिंग. नाणं पुसायचं नाही, घासायचं तर अजिबात नाही. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्याने पुढे हिरवट चिकट थर चढतो. मायलरची खिडकी असलेला कागदी होल्डर घ्या. तो दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवून चारही कडांना टेप लावा. पाकीट कानाशी हलवून बघा, खुळखुळ आली तर परत उघडा. बाहेर ‘नाणी’ असं लिहून चोराला आमंत्रण देऊ नका, पण काउंटरवर आत काय आहे ते खरं सांगून विमा काढा. 1898 च्या टपाल कायद्यातसुद्धा काही वस्तूंना विम्याची सक्ती करायची सोय होती, म्हणजे ही भीती जुनीच. विम्याचे पैसे वाचवायला साध्या पत्रात नाणं सरकवणं ही काटकसर नाही, जुगार आहे.

शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशातल्या मित्राला पाठवायचा विचार असेल तर थांबा, 1972 च्या पुरावशेष कायद्याने ते तुम्हाआम्हाला पाठवता येत नाही.

आणि पाकीट बंद करायच्या आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन काट्यावर दिसेल असे. नाण्याला नोटेसारखा नंबर नसतो. समोरचा म्हणाला की दुसरंच नाणं आलं, तर दाखवायला तुमच्याकडे तेवढंच असतं.