खाजकुइली व कंपवात

(सं. आत्मगुप्ता, कपिकच्छू, हिं. केवाँच, लॅ. म्यूक्यूना प्रूरिएन्स, कुल-लेग्युमिनोजी). शिंबावंत कुलातील ही वेल कोकणात, पालघर–डहाणू भागातील झुडपी रानांतही, पावसाळ्यानंतर शेंगा धरते. शेंगांवरील राठ केसांत म्यूक्यूनाइन हे प्रथिनविघटक एंझाइम असते व त्यामुळे असह्य खाज सुटते. वैद्यकाच्या इतिहासात तिला स्थान मिळाले ते मात्र बियांमुळे.

आयुर्वेदात या बिया मुख्यतः वाजीकर व बल्य मानल्या आहेत. चरकसंहितेतील वाजीकरण योगांत आत्मगुप्ता येते. डोके वा सर्वांग यांच्या कंपाला माधवनिदानात ‘वेपथु’ म्हटले आहे. यावरून, जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णिलेला रोग व त्यावरील औषध ही दोन्ही प्राचीन वैद्यांना ज्ञात होती, असे विधान पुष्कळदा केले जाते. ते जपून स्वीकारावयास हवे. कंप हे अनेक रोगांचे लक्षण आहे. तथापि वातविकारांत या बिया देण्याची प्रथा होती, हे नाकारता येत नाही.

लेव्होडोपा हे ॲमिनो अम्ल १९१३ मध्ये मार्कस गुगेनहाइम यांनी बाकल्याच्या शेंगांतून वेगळे केले. १९३७ मध्ये मद्रास येथे दामोदरन व रामस्वामी यांना ते खाजकुइलीच्या बियांत सापडले. बियांत त्याचे प्रमाण सु. ३ ते ६ टक्के असते. त्या वेळी या शोधाचे वैद्यकीय महत्त्व कोणाच्याच लक्षात आले नाही. पुढे कार्लसन यांनी (१९५७) मेंदूतील डोपामिनाचे कार्य दाखविले व हॉर्निकीविच यांनी (१९६०) कंपवातात ते घटते असे सिद्ध केले. डोपामीन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा शिरते व तेथे त्याचे डोपामीन होते. १९६७ मध्ये कोट्झिअस यांनी ते मोठ्या मात्रेत देऊन रुग्णांत लक्षणीय सुधारणा घडवून आणली.

यानंतर मुंबईतील अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी बियांची पूड थेट रुग्णांना देऊन पाहिली. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २३ रुग्ण होते व सरासरी दैनिक मात्रा सु. ४५ ग्रॅ. होती. १९९५ मध्ये ‘एचपी-२००’ या बीजचूर्णाची ६० रुग्णांवरील १२ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. या दोन्ही चाचण्यांत सुधारणा दिसली, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ती उणीव २००४ मधील लंडनच्या चाचणीने काही अंशी भरून काढली. रुग्ण अवघे आठ होते; परंतु ३० ग्रॅ. पुडीचा परिणाम नेहमीच्या लेव्होडोपा-कार्बिडोपा गोळीपेक्षा लवकर सुरू झाला व अधिक काळ टिकला.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. उणे पडलेले डोपामीन भरून काढणे वेगळे व ते निर्माण करणाऱ्या तंत्रिका कोशिका (मज्जापेशी) नाशापासून वाचविणे वेगळे. पहिल्याने लक्षणे आवरतात, दुसऱ्याने रोगाची वाटचाल थांबेल. २००४ मध्ये मन्यम व सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांवरून बियांना तंत्रिकारक्षक म्हटले. नासिकचे संजय कस्तुरे व त्यांचे इटालियन सहकारी यांनी २००९ मध्ये अर्काचा लक्षणांवरील परिणाम उत्तम असल्याचे दाखविले. पण ज्या उंदरांत एमपीटीपी या विषाने कोशिकानाश घडविला होता, त्यांच्यात तो अर्काने टळला नाही. आपले संशोधन आपल्याच अपेक्षेविरुद्ध गेले तरी ते प्रसिद्ध करावे, याचे हे चांगले उदाहरण होय.

चीनमध्ये हूपर्झिया सेराटा या अपुष्प वनस्पतीतून १९८० च्या दशकात वेगळ्या केलेल्या हूपर्झीन-ए या अल्कलॉइडाबाबतही हाच प्रश्न उभा राहिला. ॲसिटिलकोलिनाचे विघटन करणाऱ्या एंझाइमाला ते रोधते, हे निश्चित आहे. कोशिकारक्षणाचे पुरावे मात्र प्रामुख्याने प्रयोगशाळेतील आहेत.

बियांतील लेव्होडोपाचे प्रमाण सारखे नसल्यामुळे पुडीची मात्रा ठरविणे कठीण जाते आणि चालू औषध स्वतःहून बंद करून ती घेणे धोक्याचे असते. मोझांबिकच्या नांपुला प्रांतात १९८९ मध्ये दुष्काळ व युद्ध यांमुळे लोकांनी या बिया नीट प्रक्रिया न करता, शिजविलेले पाणीही न टाकता खाल्ल्या. तेथे दोनशेहून अधिक लोकांत तीव्र मनोविकृतीची लक्षणे दिसून आली.