कॅरोलाइनच्या दारातली धूळ



वळवाच्या आधी सुटणारा वारा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. दुपार कलली की आभाळ एका बाजूनं काळवंडतं, झाडाचं पान हलत नाही, आणि मग एकाएकी थंडगार झोत येतो. कुरडया, पापड, दोरीवरचे कपडे, छपराचा पत्रा, काय काय धरावं तेच कळत नाही. या वाऱ्याचं कारण तसं सोपं आहे. उंच ढगातून पडणाऱ्या पावसाचं काही पाणी वाटेतच वाळून जातं. त्यामुळं हवा गार आणि जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. अंगणात भरली बादली उपडी केली की पाणी पसरतं ना, तशी. वाटेत मोकळी माती मिळाली की ती उचलते. सुदानमध्ये अशा धुळीच्या भिंतीला हबूब म्हणतात, राजस्थानात आंधी. २०१८ साली मे महिन्याच्या सुरुवातीला अशाच वादळांनी राजस्थान आणि उत्तर प्रदेशात शंभरावर माणसं गेली. भिंती आणि झाडं पडूनच त्यातली बरीच दगावली.

वारा सगळीकडे येतो, धूळ मात्र माती उघडी असेल तिथूनच उठते. १७ जून हा वाळवंटीकरणाविरुद्धचा दिवस जगभर पाळतात, म्हणून आज या उघड्या मातीचीच गोष्ट सांगते. वाळवंटीकरण म्हटलं की वाळूच्या टेकड्या सरकत आपल्या गावाकडे येतायत असं चित्र डोळ्यांपुढं येतं. तसं नसतं ते. कोरड्या मुलखातली चांगली, पिकती जमीन जागच्या जागी कस गमावत जाते, त्याला हे नाव आहे.

गोष्ट अमेरिकेतली आहे. ओक्लाहोमा राज्याच्या पश्चिमेला जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. चाळीस वर्षं ती कुठल्याच राज्यात मोडत नव्हती, म्हणून लोक तिला ‘कुणाचीच नसलेली जमीन’ म्हणत. नाव फसवं होतं बरं का. कोमांची, कायोवा अशा आदिवासी लोकांचा तो वावर होता आणि लाखो गवे तिथं चरत. १८७० च्या दशकात कातड्यासाठी गवे मारून संपवले, आदिवासींना राखीव जागांत कोंडलं, आणि मग जमीन मोकळी आहे म्हणून जाहीर झालं. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे आपल्या माण-आटपाडीसारखाच. झाड क्वचित. पण बुटकं, दाट गवत होतं, त्याची मुळं खोल गेलेली. दुष्काळ त्याआधीही पडत होते, वारेही सुटत होते. ती माती त्या गवतानं धरून ठेवली होती.

१९०७ मध्ये कॅरोलाइन नावाची तिशीतली शिक्षिका तिथं आली. कॉलेज शिकलेली, एकटी. १८६२ च्या कायद्यानं १६० एकर सरकारी जमीन मिळत असे, अट एवढीच की पाच वर्षं तिथं राहायचं आणि ती कसायची. अविवाहित आणि विधवा बायकांनाही ती स्वतःच्या नावावर घेता येई. (लग्न झालेलीला मात्र नाही. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायला आपण किती खेटे घालतो ते आठवून मला याचं नवल वाटलं नाही.) कॅरोलाइननं जमीन घेतली. तिथं विहीर खणायला आलेल्या विल हेंडरसनशी पुढच्या वर्षी लग्न केलं. मुलगी झाली. खर्च भागेना म्हणून ती बायकांच्या एका मासिकात शेतावरच्या जगण्याबद्दल लिहायला लागली.

मग पहिलं महायुद्ध आलं. रशियाचा गहू बाहेर पडेना आणि अमेरिकेतल्या गव्हाला सोन्याचा भाव आला. बुशेलला, म्हणजे साधारण २७ किलोला, दोन डॉलरपेक्षा जास्त. सरकार म्हणत होतं, गहू पेरा. जमिनी विकणारे म्हणत होते, नांगर फिरला की पाऊस मागोमाग येतो. १९०९ साली तर सरकारच्या माती खात्यानंच छापून ठेवलं होतं की माती ही कधी न संपणारी संपत्ती आहे. ट्रॅक्टर आले, तव्यांचे नांगर आले. हे तवे माती पिठासारखी भुगा करत. शहरातले लोकही येऊन पेरून जात आणि कापणीलाच परत उगवत. त्यांना सुटकेस शेतकरी म्हणत.

आता यापुढचं, गट चालवणारी बाई म्हणून, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. युद्ध संपलं, भाव उतरत गेला आणि १९३१ मध्ये ४० सेंटच्याही खाली गेला. ट्रॅक्टरचा हप्ता मात्र उतरला नाही. पूर्वी एक बुशेल विकून जे देणं फिटायचं, त्याला आता पाच बुशेल लागायला लागले. मग शेतकऱ्यानं काय करावं? राहिलेलं गवतही मोडलं. भाव पडायला लागल्यापासूनच हे चाललं होतं. १९२५ ते १९३० या पाच वर्षांत दक्षिणेच्या मैदानात सुमारे ५२ लाख एकर कुरण नांगराखाली गेलं. पुस्तकांत याला हाव म्हटलेलं असतं. काहींची होतीही. पण हप्त्याची तारीख जवळ आलेल्या माणसाला दुसरं काय सुचतं ते आपल्या बैठकीत बसणाऱ्या कुणालाही विचारा.

१९३१ नंतर पाऊस थांबला. गहू उगवलाच नाही, आणि जमिनीवर गवतही उरलं नव्हतं. १९३२ मध्ये मोठी अशी १४ धुळीची वादळं मोजली गेली, पुढच्या वर्षी ३८. ही आपल्या वळवासारखी नव्हती, त्यांच्यामागे पाऊस येतच नसे. उत्तरेकडून कोरडी थंड हवा घुसे आणि तिच्या पुढं मातीची भिंत उभी राही. मे १९३४ मध्ये अशीच एका वादळाची धूळ शिकागोवर पडली, न्यूयॉर्कमध्ये भरदिवसा दिवे लावावे लागले, अटलांटिक समुद्रातल्या जहाजांच्या डेकवरही थर बसला.

घरात काय होत होतं ते कॅरोलाइनच्या पत्रांमधून कळतं. तिनं ती मेरीलँडमधल्या एका मैत्रिणीला लिहिली आणि १९३६ मध्ये एका मोठ्या मासिकानं छापली. खिडक्या-दारांच्या फटींत चिंध्या कोंबायच्या, त्यावर ओल्या चादरी टांगायच्या. काही वेळात चादरींचाच चिखल होई. ताटं-पेले जेवायला बसेपर्यंत पालथे ठेवायचे. नाकाला व्हॅसलीन लावायचं. काही घरांत झाडूनं आवरत नसे, फावड्यानं माती बाहेर काढावी लागे. लहान मुलं आणि म्हातारी माणसं धुळीच्या न्यूमोनियानं दगावत होती. रेडक्रॉसनं मुखपट्ट्या वाटल्या, तात्पुरते दवाखाने उघडले. हवेत वीज इतकी साठायची की मोटारी बंद पडत. लोक मोटारीच्या मागं लोखंडी साखळी जमिनीवर लोंबती सोडत.

१४ एप्रिल १९३५, रविवार. सकाळी आभाळ इतकं स्वच्छ होतं की बायकांनी आठवडाभराची अंथरुणं बाहेर वाळत घातली, लोक चर्चला गेले, फिरायला निघाले. दुपारनंतर आधी पक्षी आले, घाबरलेले, थव्यांनी. त्यांच्यामागून काळी भिंत. स्वतःचा हात दिसेना. बरेच जण जगबुडी आली समजून गुडघे टेकून बसले. त्या दिवसाला काळा रविवार म्हणतात. दुसऱ्याच दिवशी एका बातमीदारानं त्या मुलखाला धुळीचं भांडं या अर्थाचं जे नाव दिलं, ‘डस्ट बाउल’, तेच पुढं इतिहासाला चिकटलं.

ह्यू बेनेट नावाचे मृदातज्ज्ञ माती वाहून चालली आहे असं कित्येक वर्षं ओरडून सांगत होते, कुणी फारसं ऐकत नव्हतं. असं सांगतात, की संसदेच्या समितीपुढं त्यांची साक्ष होती आणि मैदानातून वादळ निघाल्याचं त्यांना माहीत होतं, म्हणून ते बोलणं लांबवत राहिले. शेवटी खिडकीबाहेर वॉशिंग्टनचं आभाळ धुरकट झालं. काळ्या रविवारनंतर दोन आठवड्यांच्या आत, २७ एप्रिलला, मृदसंधारणाचा कायदा झाला. धूळ राजधानीच्या खिडकीशी गेल्यावर कायदा झाला, कॅरोलाइनच्या खिडकीशी ती तीन वर्षं होती.

त्यातून जी कामं निघाली ती तुम्हाला परकी वाटणार नाहीत. उताराला आडवी नांगरट, पायऱ्यापायऱ्यांची शेतं, धसकटं न जाळता रानातच ठेवणं, पिकांच्या मध्ये गवताचे पट्टे, आणि पार उत्तरेपासून टेक्सासपर्यंत वारा अडवणाऱ्या झाडांच्या रांगा, आठ वर्षांत जवळजवळ २२ कोटी झाडं. मला त्याहून मोलाची वाटते ती १९३७ पासून निघालेली मृदसंधारण मंडळं. गावोगावच्या शेतकऱ्यांनी मतं देऊन ती स्थापन केली. कारण एकट्यानं रान राखून भागत नाही, शेजाऱ्याची माती उडून आपल्याच पिकावर बसते. मुंबई इलाख्यातही १९४२ मध्ये जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि आपल्याकडच्या बांधबंदिस्तीला जोर आला. आपली माती वाऱ्यापेक्षा पाण्यानं जास्त जाते, पण जाते हे खरं. इस्रोच्या नकाशात महाराष्ट्राची सुमारे ४५ टक्के जमीन कस गमावलेली दाखवली आहे.

त्या काळात मैदानी राज्यांतून २५ लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, पण ऐन धुळीच्या पट्ट्यातली तीनचतुर्थांश लोकवस्ती जागा सोडून गेलीच नाही. कॅरोलाइन त्यांतलीच. हट्टानं, आणि विकत घ्यायला कुणी नव्हतं म्हणूनही. मुलगी शिकून डॉक्टर झाली, नवराबायको म्हातारपणापर्यंत त्याच घरात राहिले. १९६६ मध्ये दोघंही वारले.

१९३९-४० च्या सुमारास पाऊस परत आला. दुसऱ्या महायुद्धात गव्हाचा भाव पुन्हा चढला, नांगर पुन्हा कुरणात शिरले, आणि १९५० च्या दशकातल्या दुष्काळात पुन्हा धूळ उठली. या खेपेला मात्र पंप हाताशी होते. त्या मुलखाच्या पोटात ओगलाला नावाचा पाण्याचा अफाट साठा आहे, तो उपसून शेतं हिरवी केली गेली. पावसानं तो भरायला हजारो वर्षं लागतात. कान्सास आणि टेक्सासच्या काही भागांत त्या विहिरी आता कोरड्या पडल्या आहेत.