क्रमांक नसलेली रायफल

सुरुवातीलाच एक विचारतो. कॉलेजात असताना एनसीसीत कोण कोण होतं? बघा, बरेच हात वर आले. म्हणजे आजचा विषय तुम्हाला अगदीच परका नाही. पोटावर झोपून, खांद्याला दस्ता लावून, पंचवीस यार्डांवरच्या कागदावर तुम्ही जी रायफल चालवलीत, ती बहुतेक पॉइंट टू टू होती. तिची काडतुसं करंगळीच्या पेरापेक्षा फार मोठी नव्हती. उस्ताद ओरडायचे, "बोल्ट पीछे, बोल्ट आगे!" आज त्याच जातीच्या जुन्या रायफलींबद्दल आणि त्या गोळा करणाऱ्या लोकांबद्दल बोलायचं आहे. पण गोष्ट मुख्यतः अमेरिकेतली आहे, कारण हा छंद तिथेच खऱ्या अर्थाने वाढला.

आधी दोन शब्द समजून घेऊ. पहिला 'बोल्ट'. दाराची कडी असते ना, तशीच ही लोखंडी कडी. मूठ वर उचलायची, मागे ओढायची, काडतूस घालायचं, पुढे ढकलून मूठ खाली पाडायची. दार बंद. दुसरा शब्द 'रिमफायर'. काडतुसाच्या बुडाला बाहेर दुमडलेली कड असते. पेट घेणारा मसाला त्या कडेच्या आतच भरलेला असतो. पिन कडेवर आपटली की ती चेपते आणि मसाला पेटतो. कड चेपायची म्हणजे पत्रा पातळ हवा, आणि पातळ पत्रा जास्त दाब सोसत नाही. म्हणून ही काडतुसं लहान, कमी आवाजाची आणि स्वस्त राहिली. एकदा उडवलं की रिकामी पुंगळी पुन्हा भरता येत नाही, टाकूनच द्यायची.

पॅरिसच्या फ्लोबेर यांनी १८४५ च्या सुमारास असं काडतूस केलं, तेही दिवाणखान्यात नेमबाजी खेळायला! १८५७ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसन कंपनीने त्यावरून पॉइंट टू टू शॉर्ट आणलं. आज जगभर चालतं ते 'लाँग रायफल' काडतूस १८८७ चं. म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ तेच माप चालू आहे. यंत्रयुगात एखादं माप एवढं टिकणं ही मोठीच गोष्ट.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. जॉन ब्राउनिंग हे अमेरिकन बंदूकशास्त्रातलं फार मोठं नाव. त्यांनी एक अगदी साधी, एका वेळी एकच काडतूस घेणारी बोल्टची रायफल आखली आणि विंचेस्टर कंपनीने ती 'मॉडेल १९००' म्हणून बाजारात आणली. बोल्ट बंद केला तरी ती उडायला तयार होत नसे. मागचं बोंड बोटांनी वेगळं ओढून ताणावं लागे. पोरांच्या हाती द्यायच्या वस्तूला ही सोय चांगलीच होती. पुढे हाच साधेपणा उतरत उतरत १९३४ च्या 'मॉडेल ६७' पर्यंत आला. १९६३ पर्यंत ही रायफल बनत होती आणि सुमारे ३,८३,००० नग निघाले.

आकडा मोठा आहे, पण पुढचा मुद्दा नीट ऐका. अमेरिकेत विकल्या गेलेल्या या रायफलींवर अनुक्रमांकच नव्हता! तसा कायदा नव्हता आणि स्वस्त मालावर क्रमांक ठोकायचा, वही ठेवायची, हा खर्च कंपनीला कशाला हवा? त्याच विंचेस्टरची १९१९ मध्ये आलेली 'मॉडेल ५२' पाहा. स्पर्धेत नेम मारणाऱ्यांसाठी बनवलेली, जड, महाग, देखणी. तिच्यावर क्रमांक आहे, क्रमांकापुढे ए, बी, सी अशी अक्षरं आहेत, त्यावरून तिची पिढी कळते. ५२ ची जन्मपत्रिका मिळते. ६७ चा जन्मदाखलाच नाही.

ज्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या त्यांचा इतिहास लिहिणं सोपं असतं, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. सरदारांच्या बखरी असतात, बारगिराचं नाव कुठे सापडतं? बंदुकांतही तेच आहे.

त्यात आणखी एक गंमत. शिकागोच्या सीअर्स आणि माँटगोमेरी वॉर्ड या दुकानांचे जाडजूड कॅटलॉग खेडोपाडी जात. शेतकऱ्याने कॅटलॉगात बोट ठेवायचं, पैसे पाठवायचे, टपालाने माल घरी यायचा. नांगराचे फाळ, शिवणयंत्र, बूट, आणि रायफलसुद्धा. पण ही दुकानं रायफल स्वतः बनवत नसत. मार्लिन, सॅव्हेज, मॉसबर्ग अशा कारखान्यांकडून घ्यायची आणि वर आपलं नाव घालायचं. सीअर्सचं 'रेंजर', नंतर 'जे. सी. हिगिन्स'. वॉर्डचं 'वेस्टर्न फील्ड'. म्हणजे क्रमांक नाही, आणि नाव आहे ते खऱ्या बापाचं नाही!

मग संग्राहक काय करतो? तो वस्तूच वाचायला शिकतो. रेमिंग्टन कंपनी १९२१ पासून नळीवर बारीक अक्षरं ठोकायची. त्यातलं पहिलं अक्षर महिन्याचं. इंग्रजीत 'ब्लॅक पावडर' म्हणजे काळी दारू, हे शब्द लिहा आणि शेवटी 'एक्स' जोडा. बारा अक्षरं होतात आणि एकही दोनदा येत नाही. 'बी' म्हणजे जानेवारी, 'एल' म्हणजे फेब्रुवारी, असं करत 'एक्स' म्हणजे डिसेंबर. कारखान्यातल्या कुणाला तरी हे सुचलं असेल तेव्हा तो स्वतःशीच हसला असेल. सॅव्हेज कंपनीने १९४९ पासून गोलात एक अक्षर घातलं. 'ए' म्हणजे १९४९, 'बी' म्हणजे १९५०. जिथे अशी खूण नाही, तिथे दस्त्याची घडण, बोल्टच्या मुठीचा बाक, माशीचा आकार, स्क्रूचं डोकं, यांवरून अंदाज बांधायचा आणि जुने कॅटलॉग शेजारी ठेवून ताडून पाहायचं.

आणि नळीत डोकावायचं. जुन्या काडतुसांच्या मसाल्यातून नळीत एक क्षार मागे राहायचा. तो आपल्या मिठासारखाच हवेतली ओल ओढतो. कोकणातल्या मंडळींना लोखंड आणि खारी हवा यांचं नातं समजावून सांगायला नको. उडवल्यावर त्याच संध्याकाळी नळी साफ केली नाही तर गंज धरलाच. १९२६ मध्ये रेमिंग्टनने न गंजवणारा मसाला आणला. त्याच्या आधीच्या काळातली रायफल आतून स्वच्छ निघाली तर समजावं, कुणीतरी रोज संध्याकाळी न कंटाळता फडकं फिरवलं आहे. हीसुद्धा नोंदच आहे, फक्त कागदावरची नाही.

इथे एक भांडण आहे, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. हौशी माणूस जुनी रायफल घेतो, दस्ता घासून नवा पॉलिश करतो, धातूला नवा निळा रंग चढवतो. वस्तू झकास दिसते! पण अशा कितीतरी दस्त्यांवर चाकूने कोरलेली अक्षरं असतात. एखाद्या पोराच्या नावाची आद्याक्षरं, एखादं साल, ओळीने पाडलेल्या खाचा. पॉलिश पेपर फिरला की ते गेलं.

आपल्या घरातली पितळेची भांडी आठवा. तांब्यावर, परातीवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं असतं. कुणी दिलं, कुणाच्या लग्नात दिलं, तारीख काय. मोडीत घालताना वजन होतं, नावाचं वजन होत नाही. पण आजीचं लग्न कोणत्या साली झालं, हे अनेक घरांत त्या परातीवरूनच कळलेलं आहे. ज्या रायफलीला कारखान्याने क्रमांक दिला नाही, तिला पोराने चाकूने दिला. तो पुसणाऱ्याला मी संग्राहक म्हणणार नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वस्तू कितीही साधी असली तरी ती बंदूक आहे. इंग्लंडमध्ये बोअर युद्धाने गोऱ्या शिपायांचा कच्चा नेम उघडा पाडला, तेव्हा १९०१ पासून गावोगाव छोट्या रायफलींचे क्लब निघाले. पुढाकार लॉर्ड रॉबर्ट्स यांचा, म्हणजे हिंदुस्थानात सरसेनापती राहिलेलेच ते. खेळामागे पुढच्या युद्धाची तयारी होती. जर्मनीत १९३४ च्या पॉइंट टू टू क्रीडा रायफलीला मुद्दाम लष्करी माउझरचं रूप दिलं. तुम्ही एनसीसीत चालवलेल्यांपैकी काही तर थ्री नॉट थ्रीच होत्या, नळी आतून बारीक केलेल्या. म्हणून तर त्या एवढ्या जड लागायच्या!

अमेरिकेत १९६३ मध्ये केनेडींची हत्या झाली ती टपालाने मागवलेल्या रायफलीने. ती रिमफायर नव्हती, लष्करी होती. पण टपालाने बंदूक मिळते, हे सगळ्या देशाला टोचलं. पुढे १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कायदा झाला. दुसऱ्या राज्यातून टपालाने सामान्य माणसाला बंदूक विकणं बंद झालं. नव्या प्रत्येक बंदुकीवर क्रमांक सक्तीचा झाला. हे व्हायलाच हवं होतं, असं माझं मत आहे. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. त्यामुळे हा छंद आपल्याला बहुधा पुस्तकांतूनच करावा लागणार, आणि त्याचं मला दुःख नाही.

पण इतिहास म्हणून पाहा. १९६८ च्या अलीकडे प्रत्येक रायफलीची नोंद आहे. पलीकडे लाखो रायफली आहेत, ज्यांचा पुरावा त्या स्वतःच आहेत. त्यांच्यावरचा गंज, खाच, कोरलेलं अक्षर, हाच त्यांचा दफ्तरखाना.

तेव्हा जाता जाता एक काम सांगतो, त्याला बंदुकीचा परवाना लागत नाही. या रविवारी माळ्यावरची भांडी खाली काढा. चिंच लावून घासण्याआधी त्यांच्यावरची नावं वहीत उतरवून घ्या. आणि कुणाचं नाव ते सांगू शकणारं माणूस घरात असेल, तर आजच विचारा.