हाकेला येणारा माणूस

मोठे आबा, म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले बंधू, मराठा पलटणीबरोबर मेसोपोटेमियात गेले होते. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे, टेसिफॉनला, त्यांच्या मांडीत गोळी घुसली. लढाईबद्दल ते फार बोलत नसत. सांगत ते नंतरचं. स्प्रिंगा नसलेल्या खेचरगाडीतून नदीपर्यंत खाल्लेले हिसके, मग तैग्रिसवरची बोट, डेकवर एकमेकांना खेटून पडलेली माणसं. पट्टी बदलायला कुणी नाही, पाणी द्यायला कुणी नाही. "गोळीचं काय न्हाई रं," ते म्हणत, "हाक मारली तर येनारं कुनी न्हवतं, त्ये लागलं."

म्हातारा वाढवून सांगत नव्हता. बसऱ्याच्या इस्पितळी जहाजावरचे मेजर कार्टर यांनी जखमींनी भरलेली एक बोट येताना पाहिली. तिच्या कडांवरून दोर लोंबताहेत असं त्यांना वाटलं. जवळ आल्यावर कळलं, ती जखमींची वाळलेली विष्ठा होती. त्यांनी हे वर कळवलं, तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच अटकेची धमकी दिली. १९१७ च्या चौकशी आयोगाच्या अहवालात हे सगळं आलं. ते वाचताना आजही माझा संताप होतो.

हीच गोष्ट ऐकत माझे काका वाढले आणि भरतीला गेले तेव्हा आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट झाले. ही कोअर १९४३ मध्ये उभी राहिली. त्याआधी डॉक्टर एका खात्याचे, इस्पितळातली माणसं दुसऱ्या खात्याची, असा कारभार होता. लखनौला काकांनी आधी बेडपॅन उचलले, ताप-नाडीचे तक्ते भरले. इंजेक्शनं, फळ्या बांधणं, रक्त थांबवणं नंतर आलं. त्यानंतर मराठा पलटणीत रवानगी.

पलटणीत ते बाहेरचे. टोपीवरचा बिल्ला वेगळा, गाव साताऱ्याकडचं असलं तरी कोअर वेगळी. जवान त्यांना 'डॉक्टर' म्हणत, पण बरोबर बसून जेवायला बोलवत नसत. ते अंतर मिटलं पायांमुळे. लांब कूच झाली की काका बूट काढायला लावून प्रत्येकाची टाच, बोटांच्या बेचक्या बघत. फोड आलेला शिपाई ते लपवतो, मागं राहायची लाज वाटते म्हणून. काका त्याला सगळ्यांसमोर बोलत नसत, रात्री त्याच्या बिछान्याशी जाऊन मलमपट्टी करत. आणि कूच सुरू झाली की पिशवी खांद्याला लावून त्याच्याबरोबरच चालत. मला वाटतं, पायदळ अशाच माणसाला आपलं मानतं. त्याचं शिक्षण काय, हे नंतर.

बँडवाल्यांना स्ट्रेचर धरायला शिकवणं हेही त्यांच्याकडेच होतं, कारण लढाईत वाद्यं मागं राहतात आणि वाजवणारे जखमी उचलायला पुढे जातात. एक नियम ते पुन्हापुन्हा घोकून घेत: जखमीला पट्टी बांधायची ती त्याच्याच खिशातली, आपली नाही. आपली आपल्याला लागू शकते.

डिसेंबर १९७१ मध्ये काका पहिल्या मराठा पलटणीबरोबर ब्रह्मपुत्रा ओलांडून पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या दक्षिणेला होते. शहर वेढलेलं होतं. आतल्या पाकिस्तानी ३१ बलुच पलटणीला शरण या असं पत्र गेलं, उत्तरात कागदात गुंडाळलेली गोळी आली. १० तारखेच्या रात्री ती पलटण वेढा फोडायला बाहेर पडली, ती मराठ्यांच्याच मोर्चांवर. काका एड पोस्टवर होते. कंदील कांबळ्याखाली झाकलेला, त्या उजेडात हात चालत होते. मॉर्फिया दिलेल्याच्या कपाळावर खूण आणि वेळ लिहायची, नाहीतर मागचा माणूस पुन्हा टोचतो. कुणाचं नाव विचारायलाही सवड नव्हती, ते म्हणत, आवाजावरून ओळखायचो.

उजाडल्यावर मोर्चांसमोर बलुच जवान पडलेले दिसले. त्यांतले जिवंत होते ते काकांकडे आणले गेले. जखमी तो जखमी, हा जिनिव्हा करारातला नियम काकांना पाठ होता. पण ज्याचा जोडीदार रात्री गेला, अशा एका तरुण शिपायाला ते पाहवेना. "यांना कशाला बांधता, डॉक्टर?" काकांनी उत्तर दिलं नाही. एका बलुचाच्या खिशातून त्याचीच पट्टी काढली, जखमेवर आवळली आणि त्या शिपायाला म्हणाले, "हितं दाबून धर. जोरात." त्यानं दोन्ही हातांनी धरलं, दुसरी पट्टी बसेपर्यंत सोडलं नाही.