पायपर अल्फा: ए पंपाचा शेवटचा दिवस

६ जुलै १९८८, बुधवार. उत्तर समुद्रात, स्कॉटलंडच्या ॲबरडीनपासून सुमारे १९० किलोमीटरवर पायपर अल्फा हा तेल-वायूचा प्लॅटफॉर्म. त्यावर त्या दिवशी २२६ माणसं. वायूतून वेगळा होणारा द्रव, म्हणजे कंडेन्सेट, मुख्य वाहिनीत दाबानं ढकलायला तिथं दोन पंप होते, ए आणि बी. एक चालायचा, दुसरा राखीव.

दिवसपाळी

ए पंपाची दर २४ महिन्यांनी होणारी मोठी दुरुस्ती ठरली होती. वीज तोडली, झडपा मिटल्या. पंप मात्र अजून कुणी उघडला नव्हता. बेअरिंग, सील सगळं जागच्या जागी. त्याच दिवशी एक वेगळं काम निघालं: याच पंपाच्या लाइनवरची ५०४ क्रमांकाची सुरक्षा-झडप तपासणीसाठी उतरवायची. दोन कामांची दोन परमिटं निघाली. एकात दुसऱ्याचा उल्लेख नव्हता.

झडप निघाली, तिच्या जागी उघड्या तोंडावर ब्लँक फ्लँज, म्हणजे भोक नसलेली चकती, बसवली गेली. या चकतीविषयी जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच घडलं. गळती थांबवते ती नुसती चकती नव्हे. बोल्टांच्या ताणानं मधलं गॅस्केट सगळीकडे सारखं दाबलं जातं, तेव्हाच दाब अडतो. म्हणून चांगला फिटर समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं, टप्प्याटप्प्यानं आवळतो आणि शेवटी ठरलेल्या टॉर्कवर आणतो. बोटांनी फिरवून सोडलेला नट आणि पान्यानं आवळलेला नट लांबून सारखेच दिसतात. पुढे चौकशीत निष्कर्ष निघाला तो हाच, की हे बोल्ट हातानंच फिरवलेले असावेत.

चकती बसवणाऱ्याला सगळा दोष द्यायला मी तयार नाही. पंप बंद, लाइन बंद, झडप थोड्या वेळात परत लागणार. तोवर नळीत घाण जाऊ नये एवढ्यापुरतीच ती चकती होती. दाब तिच्यावर येणारच नाही, असं गृहीत धरलं होतं. ते गृहीतक पाळायचं असेल तर पंप सुरू करू शकणाऱ्या प्रत्येकाला ते कळायला हवं होतं.

संध्याकाळी ६

झडप तपासून झाली, पण ती वर चढवायला क्रेन मिळाली नाही. काम दुसऱ्या दिवसावर गेलं आणि परमिट ‘स्थगित’ झालं. स्थगित परमिटं कंट्रोल रूममध्ये नव्हे, सेफ्टी ऑफिसात ठेवत, तीही यंत्रानुसार न लावता जागेनुसार. पाळी बदलताना झडपेचा विषय पुढे पोचला नाही. चकतीची जागा पंपाच्या वरच्या मजल्यावर, नळ्यांच्या गर्दीत होती. खाली पंपाशी उभ्या असलेल्या माणसाला ती दिसत नव्हती.

रात्री ९:४५ च्या सुमारास

बी पंप अचानक बंद पडला. पुन्हा सुरू करायचे प्रयत्न फसले. कंडेन्सेट तुंबलं की वायूचं काम थांबवावं लागणार आणि प्लॅटफॉर्मची वीजही त्याच वायूवर. रात्रपाळीतल्यांनी ए पंपाचं परमिट काढून पाहिलं: मोठी दुरुस्ती, अजून सुरू नाही. म्हणजे पंप धड आहे, वीज जोडली की झालं. त्यांच्या हातातल्या कागदाप्रमाणे हा निर्णय बरोबरच होता. दुसरा कागद त्यांच्या हातात नव्हता.

९:५५ ते १०

ए पंपाच्या लाइनमध्ये दाब शिरला आणि त्या चकतीपाशी गळती सुरू झाली. वायूचे अलार्म एकामागोमाग वाजू लागले. काहींनी किंकाळीसारखा कर्कश आवाज ऐकला. दहाला स्फोट झाला. मधल्या भिंती आग अडवणाऱ्या होत्या, स्फोट अडवणाऱ्या नव्हत्या, त्या फुटल्या. शेजारच्या विभागात तेल पेटलं, कंट्रोल रूम निकामी झाली. पाण्यात पाणबुडे उतरत, त्यांना पंपांची ओढ बसू नये म्हणून आग विझवायचे पंप हातानं चालू करायच्या स्थितीत ठेवले होते. दोघे त्या पंपांपर्यंत पोचायला निघाले. ते परतले नाहीत.

१०:२०

टार्टन प्लॅटफॉर्मकडून येणाऱ्या वायूवाहिनीचा रायझर, म्हणजे समुद्रतळातून वर चढणारी उभी नळी, आगीनं फुटला. आग आता थांबण्यासारखी राहिली नव्हती. रायझर किती घातक असतो हे महाराष्ट्रानं २७ जुलै २००५ ला पाहिलं: मुंबई हाय नॉर्थला एक जहाज रायझरवर आदळलं आणि २२ जण गेले.

टार्टन आणि क्लेमोर हे शेजारचे प्लॅटफॉर्म पायपर पेटलेला दिसत असतानाही काही काळ तेल ढकलत राहिले. पायपरवर बहुतेक माणसं राहण्याच्या इमारतीत हेलिकॉप्टरची वाट पाहत होती, आणि धुरामुळे हेलिकॉप्टर उतरू शकत नव्हतं. जे वाचले त्यांतले बरेच कुणी न सांगता बाहेर पडले, दोरांवरून उतरले किंवा थेट समुद्रात उड्या मारल्या.

१०:५०

दुसरा मोठा रायझर फुटला. माणसांना पाण्यातून उचलणारी एक बचाव-बोट त्यात सापडली. तिच्यावरचे दोन कर्मचारी गेले.

११:२० नंतर

तिसरा रायझर फुटला. मध्यरात्रीच्या आधी राहण्याची इमारत समुद्रात कोसळली आणि पाऊणपर्यंत प्लॅटफॉर्मचा बहुतेक भाग नाहीसा झाला.

बचाव-बोटीवरच्या त्या दोघांसह १६७ जण मेले. प्लॅटफॉर्मवरचे ६१ वाचले. ३० जणांचे मृतदेह कधीच मिळाले नाहीत. लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल नोव्हेंबर १९९० मध्ये आला. त्यात १०६ शिफारशी होत्या. त्यांतली एक थेट या दुरुस्तीच्या कामाला भिडते: काम चालू असताना बंद केलेल्या झडपांना प्रत्यक्ष कुलूप आणि टॅग लावायचा, आणि ही पद्धत परमिटातच बांधलेली असायची. ए पंपाच्या झडपांवर असं कुलूप असतं, तर रात्रपाळीला आधी विचारावं लागलं असतं, की याची किल्ली कुणाकडे आहे?