अमूळ्हविनय आणि व्यसनमुक्ती

हिंगोली जिल्ह्यातील विहारांमधून त्रिशरण-पंचशील ग्रहण केले जाते, तेव्हा पाचव्या शीलाचा उच्चार आबालवृद्धांच्या मुखातून होतो. मात्र ज्याच्याकडून त्या शीलाचा भंग झाला, ज्याने त्याचे परिणाम शरीराने व मनाने भोगले आणि जो उपचार घेऊन वस्तीत परत आला, त्या तरुणाला धम्मबांधवांनी कसे वागवावे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. दारूविषयी आपण पुष्कळ बोलतो. गांजा, भांग, धोतरा यांसारख्या, असलेले झाकणाऱ्या आणि नसलेले दाखविणाऱ्या भ्रमकारक पदार्थांविषयी फारसे बोलत नाही. प्रस्तुत लेखात या पदार्थांचा इतिहास, विनयपिटकाची दृष्टी आणि आधुनिक उपचार यांचा आम्ही एकत्र विचार करीत आहोत.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आबकारी हे त्या राज्याच्या उत्पन्नाचे एक प्रमुख साधन होते. म्हणजे गरिबाच्या नशेवर राज्याची तिजोरी भरत होती. धोतऱ्याला तर ठेकेदाराचीही गरज नव्हती. उकिरड्यावर, गायरानात, पडीक जमिनीत तो आपोआप उगवतो. त्यातील ॲट्रोपीन, हायोसायमीन व स्कोपोलामीन या द्रव्यांमुळे तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, अंग तापते आणि माणूस समोर नसलेल्या माणसांशी बोलू लागतो. भानावर आल्यावर त्याला त्यातले बहुधा काहीच आठवत नाही. हा विस्मृतीचा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

वैदिक समाजात नशेला यज्ञाचे अधिष्ठान लाभले होते. सोम ही वनस्पती नेमकी कोणती, याविषयी विद्वानांत एकमत नाही. १९६८ साली गॉर्डन वॅसन यांनी ती एक भ्रमकारक अळंबी असावी असे प्रतिपादन केले. ते मत वादग्रस्त राहिले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांतीवरील आपल्या अपूर्ण ग्रंथात आर्यांच्या समाजातील मद्यपान व जुगार यांची परखड चर्चा केली आहे. महाराष्ट्र शासनाने हे लेखन १९८७ साली प्रसिद्ध केले. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे तथागतांचे पाचवे शील ही केवळ आरोग्याची सूचना नव्हती, हे स्पष्ट होते. नशेला मिळालेले पावित्र्यच त्यांनी नाकारले. शीलाच्या शब्दांत सुरा आहे, मेरय आहे, मज्ज आहे. परंतु त्यांचा निकष 'पमादट्ठान' या पदात आहे. जे चित्ताला प्रमादाचे स्थान होते ते वर्ज्य. गांजाचे नाव तेथे नाही म्हणून गांजाला मोकळीक आहे, असा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे, तीही याच परंपरेतील होय.

आता विनयाकडे वळू. मद्यपानाचा नियम सागत स्थविरांच्या प्रसंगातून निर्माण झाला. कोसंबीच्या उपासकांनी त्यांना श्रद्धेने घरोघर मद्य दिले आणि ते नगरद्वारापाशी कोसळले. भिक्खूंनी त्यांना उचलून आणले, तेव्हा तथागतांकडे पाय करून ते पडून राहिले. पूर्वी हा भिक्खू शास्त्याशी आदराने वागत नव्हता काय, असे तथागतांनी विचारले आणि मद्यपान हा पाचित्तिय दोष ठरविला. येथे दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की पाचित्तिय दोषाची शुद्धी सहकारी भिक्खूसमोर कबुली देऊन होते. त्यासाठी संघातून हकालपट्टी नाही. दुसरी अशी की सागतांना पाजणारे हात श्रद्धावंतांचेच होते. पुढे हेच सागत अर्हत झाले आणि तेजोधातूत निपुण असणाऱ्यांत अग्रगण्य गणले गेले. एका पतनाने माणसाचा मार्ग कायमचा बंद होत नाही, याचा याहून मोठा दाखला कोणता?

याहून मोलाचे प्रकरण गग्ग भिक्खूचे आहे. ते व्यसनी नव्हते. त्यांचे चित्त विपर्यस्त झाले होते. उपोसथ त्यांना कधी आठवे, कधी आठवत नसे. संघाने त्यांना उन्मत्त-संमती दिली, म्हणजे त्यांच्या येण्या-न येण्याने संघकर्म अडणार नाही असे ठरविले. गग्ग बरे झाले. तरीही भ्रमाच्या काळातील कृत्यांचा ठपका भिक्खू त्यांच्यावर पुन्हा पुन्हा ठेवू लागले. मला ते आठवत नाही, मी तेव्हा भानावर नव्हतो, असे ते सांगत. तरी आरोप थांबेनात. तेव्हा तथागतांनी संघाला अमूळ्हविनय देण्याची अनुज्ञा दिली. गग्गांनी संघासमोर तीन वेळा याचना करावयाची आणि संघाने ते आता मूढ नाहीत हे मान्य करून विषय मिटवावयाचा.

परंतु ही करुणा आंधळी नव्हती. दोष आठवत असून आठवत नाही म्हणणारा, स्वप्नासारखे अंधुक आठवते म्हणणारा आणि वेडाचे सोंग घेणारा, या तिघांना अमूळ्हविनय देणे अधर्म्य ठरविले गेले. व्यसनाधीन माणसाच्या सबबी ऐकलेल्या कोणत्याही कुटुंबाला हे तीन प्रकार ओळखीचे वाटतील. शिवाय स्वतः होऊन घेतलेली नशा आणि ओढवलेले वेड एक नव्हे. म्हणून आम्ही येथे नियमाचे अक्षर नव्हे, त्याचा आशय घेत आहोत.

ब्रिटिश राजवटीत याच्या उलट घडले. वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्यांत वेडाचे कारण म्हणून 'गांजा' हा शब्द सर्रास लिहिला जाई. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने १८९२ सालची प्रकरणे तपासली, तेव्हा त्यांतील अनेक नोंदी पुरेशा चौकशीवाचून झाल्याचे आढळले. संघाने चौकशी करून दोषमुक्ती दिली होती. सरकारी दप्तराने चौकशीवाचून शिक्का मारला.

विसाव्या शतकात अल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ साली एल.एस.डी. तयार केले व १९४३ साली त्याचा भ्रमकारक गुण त्यांच्या अनुभवास आला. भारतात १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा झाला. त्याच्या ६४-अ या कलमान्वये, अल्प प्रमाणातील पदार्थाबद्दल वा सेवनाबद्दल आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. कबुली आणि संयमाचा संकल्प यांना येथे कायद्यानेही स्थान दिले आहे.

उपचाराचे स्वरूपही समजून घेतले पाहिजे. धोतऱ्याची बाधा ही विषबाधा आहे. तेथे अंगारा-धुपारा न करता तत्काळ रुग्णालय गाठावे. एल.एस.डी.सारख्या पदार्थांत शरीराची ओढ फारशी नसते, पण भय व भास मागे राहू शकतात. गांजाची सवय मात्र अनेकांना जडते. तो सोडल्यावर झोप उडते, चिडचिड होते, भूक मंदावते आणि काही आठवड्यांत हे ओसरते. ही सवय सोडविणारे खास औषध नाही. समुपदेशन व कुटुंबाची साथ हाच मुख्य उपचार होय. चित्तभ्रम टिकून राहिल्यास मनोविकारतज्ज्ञांची औषधे आवश्यक असतात. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने, मुक्तांगण सुरू केले. व्यसनी हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही दृष्टी त्या कार्याने महाराष्ट्रात रुजविली.

तथागतांनी औषध आणि नशा यांतही विवेक केला होता. वातव्याधीने पीडित पिलिंदवच्छांसाठी तेलात मद्य घालण्याची अनुज्ञा दिली, पण मद्याचा रंग, गंध व चव जाणवू नये या मर्यादेत. १ जुलै २०२३ पासून ऑस्ट्रेलियात अळंबीतील सायलोसायबिन हे द्रव्य, अन्य उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यात, अधिकृत मनोविकारतज्ज्ञांच्या हाती देण्यात आले. तेथेही वैद्य, मात्रा आणि हेतू यांचेच बंधन आहे.

उपचार काही आठवड्यांत संपतात. वस्तीची स्मृती मात्र वर्षानुवर्षे टिकते. बरा होऊन आलेल्या तरुणाला 'गांजाडी' म्हणून हाक मारणारा प्रत्येक जण त्याला जुन्या सोबत्यांकडेच ढकलत असतो. त्याने सत्य सांगावे, सोंग करू नये, ही अपेक्षा आपण जरूर ठेवावी. त्याने ती पुरी केली तर वंदनेच्या वेळी त्याला पुढे बसवावे, पौर्णिमेच्या कार्यक्रमात त्याच्याकडे काम सोपवावे आणि मागचा विषय काढू नये. तीन वेळा याचना करणाऱ्या गग्गांना संघाने जे दिले, ते आपल्या विहाराने आपल्याच मुलाला नाकारू नये, एवढीच आमची विनंती आहे.